पाण्यावरचं तहानलेलं इंजिन

बोटीच्या इंजिनाला पाण्याच्या वाटेवर एक जाळी असते. रोज थोडं थोडं काहीतरी येऊन तिच्यात बसतं. काडी, शेवाळ, कधी पिटुकला मासा. आपल्याला पत्ता नसतो. मग एक दिवस जाळी उघडावी आणि म्हणावं, अरेच्चा, एवढं साठलं कधी! आमच्या वर्कशॉपमधल्या किश्श्यांचं तसंच झालंय. आता उघडून बसलोय, तर घ्या ऐकून.

वर्कशॉप नारायण पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या बोळात. मालक उस्मानभाई. त्यांच्या वडिलांच्या काळी तिथं विहिरींचे पंप दुरुस्त व्हायचे. मग खडकवासला, पानशेत, मुळशीकडच्या बोटींची इंजिनं यायला लागली. मी तिथं हाताखाली आहे, केस काळे होते तेव्हापासून. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं शिकलो ती ऑइलच्या डब्यांवरची. पण खरं सांगतो, इतकी वर्षं झाली तरी इंजिनाची झाकणं उघडली की मी देवळात उभा राहतो तसा उभा राहतो.

मोटारीचं इंजिन गार ठेवायला रेडिएटर असतो. आमच्याकडे येणारी इंजिनं मात्र ज्या पाण्यावर बोट तरंगते, तेच पाणी खालून ओढतात, अंगातून फिरवतात आणि बाजूनं बाहेर टाकतात. हे सगळं करतो कोण? तर पंपातला एक रबरी पंखा. तळहातावर मावेल एवढा, फुलासारख्या पाकळ्यांचा. तो थकला की संपलं! भोवती अख्खं धरण पसरलेलं, आणि इंजिन मरतं ते तहानेनं.

आणि बहुतेक वेळा माणसाच्याच हातून.

* * *

आधी रेखाचं सांगतो, कारण पुढं ती येतच राहणार.

पानशेतकडं धरणाच्या फुगवट्यापलीकडं एक गाव आहे. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा. म्हणून गावाची एक लाँच आहे. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं त्या लाँचवर. ती भिकू चालवायचा. त्याची नजर गेली. मुलगा हिंजवडीला कंपनीची बस चालवतो, तो काही परत यायचा नाही. तेव्हा भिकूची सून रेखा उभी राहिली. म्हणाली, "मी चालवते."

लाँच कुणी चालवायची हे गाव ठरवतं, आणि गाव म्हणजे तात्या. पांढरंशुभ्र धोतर, वर फेटा, आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. तात्यांच्या मनात त्यांचा पुतण्या बाळू होता. पण भिकूच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून त्यांनी अट घातली.

"दसऱ्यापत्तूर चालवू दे तिला. पण भर पाण्यात येकदा जरी बंद पडली, तर लाँच बाळूची!"

लाँच गेली की रेखाला हिंजवडीच्या एका खोलीत जावं लागणार, आणि आंधळा सासरा गावात एकटा. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही.

रेखा मग आमच्याकडे यायला लागली. दुरुस्तीला नव्हे. बाकावर बसून ऐकायला, की लोकांच्या बोटी बिघडतात कशा!

* * *

एकदा हिंजवडीची चार पोरं आली. सॉफ्टवेअरमधली. वर्गणी काढून एक जुनी फायबरची बोट घेतलेली. ठेवणार कुठं? तर राहायला कर्वेनगरला, तिथल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये!

त्यातल्या एकाचा बर्थडे होता. केक कापला. मग म्हणे, बोट स्टार्ट करून रील काढू. पार्किंगमध्ये! बोट ट्रेलरवर, इंजिन हवेत, खाली फरशी. पाण्याचा थेंब नाही.

पंख्याच्या रबराला पाणी हेच तेल. कोरडं फिरलं की ते घासतं, तापतं आणि पाकळ्या वाळक्या पानासारख्या तुटतात. आम्ही पंप उघडला, आतून काळा चुरा सांडला.

"पण काका, फक्त दोन मिनिटं चालवलं. प्रॉमिस!"

उस्मानभाई शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. आता चौघंही दोन मिनिटं नाक-तोंड दाबून बसा. मग बोलू."

पोरं हसली. त्यातल्या एकानं मात्र खरंच नाक दाबलं, आणि लगेच सोडून म्हणाला, "ओ शिट. सॉरी काका." मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. इंजिनाची माफी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

रेखा बाकावरून ऐकत होती. तिनं त्या दिवसापासून एक रीत पाडली. लाँच काठाला बांधली की खालून इंजिनात पाणी येतं तो व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे पाइप निसटला तरी लाँच भरत नाही. आणि किल्ली त्या व्हॉल्व्हच्या दांड्यावरच अडकवून ठेवायची. किल्ली घ्यायला हात गेला की व्हॉल्व्ह उघडायची आठवण होणारच. विसरायचं म्हटलं तरी विसरता येऊ नये!

उस्मानभाईंनी हे ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. मला म्हणाले, "अण्णा, इतकी वर्षं आपण लोकांना लक्षात ठेवा, लक्षात ठेवा म्हणून ओरडतोय. या पोरीनं ओरडायचं कामच काढून टाकलं."

* * *

देवधरकाका आमच्या बोळाच्या तोंडाशी राहतात. बँकेतून निवृत्त. त्यांची एक नेटकी बोट आहे, खडकवासल्याला असते. बोलणं मोजकं, पण लिंबू पिळल्यासारखं.

एकदा बोटीचा वाढदिवस होता. तो असतो म्हणे. काकांनी बोटीला झेंडूचा हार घातला, पुढच्या टोकाला. बोट सुटली, वारा आला, हार पाण्यात पडला आणि बोटीखालून मागं जाता जाता इंजिनानं ओढून घेतला. घरच्या मंडळींना घेऊन निघालेले काका वल्ह्यानं परत आले.

उस्मानभाईंनी जाळी उघडली. आतून झेंडू निघायला लागला. निघतोय, निघतोय, निघतोय! शेवटी दोराही आला, गाठीसकट.

देवधरकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय हो, फुलं अडकतात तर ही जाळी आपण लावता कशाला?"

उस्मानभाई म्हणाले, "आपल्या दाराला जाळी आहे ना काका? डास तिच्यावर बसतात म्हणून काढून टाकली का?"

 दुसऱ्या दिवशी आमच्या दारात पेढ्यांचा पुडा ठेवलेला होता. वर चिठ्ठी: "बोटीकडून. जाळीस."

हेच काका एकदा बोट ट्रेलरवर घालून कोकणात समुद्रात फिरवून आले. समुद्रातून आलं की इंजिनाला गोड्या पाण्यानं आतून धुवायचं असतं, नाहीतर मीठ धरतं. काकांनी तशीच झाकून ठेवली. पुढं इंजिन तापायला लागलं, तेव्हा आणलं. उस्मानभाईंनी पाइप काढला, आतून बोट फिरवलं आणि चक्क जिभेला लावलं.

"काका, मीठ जरा जास्त पडलंय."

"धुणार कधी? आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं," काका म्हणाले. "त्या वेळी मी झोपलेला असतो. ते ज्यांनी ठरवलं त्यांना विचारा."

पाइपातलं मीठ मी उजेडात धरून बघितलं. पांढरे बारीक खडे, साखरेसारखे चमकणारे. समुद्र नारायण पेठेपर्यंत आला होता, पाइपात बसून! मी ते पुडीत बांधून ठेवलंय अजून.

* * *

एका रिसॉर्टवाल्या पाटलांची स्पीडबोट होती. गिऱ्हाईकं घेऊन निघाले, जलपर्णीत शिरले, जलपर्णी इंजिनाच्या तोंडावर बसली, इंजिन तापलं. इथवर चूक नाही, होतं असं. इंजिन बंद करून गप बसायचं, त्याला त्याच्या मनानं निवू द्यायचं. पण पाटील माणूस मायाळू! त्यांना वाटलं, बिचारं किती तापलंय. बोटीवर कोल्ड्रिंकची बर्फाची पेटी होती. त्यातलं गार पाणी त्यांनी इंजिनाच्या अंगात ओतलं.

ताड! एवढा मोठा आवाज झाला म्हणे की बगळे उडाले. लोखंड चिरलं.

पाटलांचा विश्वास बसेना. "अहो, पाण्यानं लोखंड कसं फुटेल? काहीतरी काय!"

उस्मानभाईंनी समोरच्या काचेच्या ग्लासातला उकळता चहा एका घोटात संपवला. कसा संपवला, देव जाणे. आणि लगेच त्यात माठाचं गार पाणी ओतलं. ग्लास टिचला.

पाटील बघतच राहिले. "कळलं," म्हणाले.

"अजून नाही कळलं," उस्मानभाई म्हणाले. "हा ग्लास आमच्या बेगमच्या माहेरचा होता. तिला वर जाऊन तुम्ही सांगायचं."

पाटील खरंच जिना चढून गेले! खाली आले तेव्हा हातात शिरखुर्म्याची वाटी होती. माणसाचा राग निवतो तो असा. लोखंडाचं तसं नाही, त्याला कोमट पाणी लागतं आणि वेळ लागतो.

रेखानं तेवढंच विचारलं, "अण्णा, आणि थांबायला वेळ नसंल तर?"

मी म्हणालो, "मग आधी गरम पाणी द्यायचं, हळूहळू गार करत न्यायचं. आजारी माणसाला देतो तसं."

* * *

सोनाआजीचं सांगितलं पाहिजे. ती गावातून बाजाराला अंडी घेऊन येते. डोळ्यांनी फारसं दिसत नाही. लाँचमध्ये तिची जागा ठरलेली, मागं, जिथं इंजिनातून आलेलं पाणी बाहेर पडतं तिथं. टोपली मांडीवर घेऊन झोपलेली असते. निदान आपल्याला तसं वाटतं.

पावसाळ्यात मी एकदा लाँचवर होतो. आजी डोळे मिटून म्हणाली, "रेखे, धार बारीक झाली गं."

मी वाकून बघितलं. मला तर नेहमीसारखीच वाटली. इंजिनाचा काटाही जागचा हलला नव्हता. पण रेखानं लाँच काठाकडं घेतली आणि मग बघितलं. खालच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी चिकटलेली, अर्धं तोंड बंद!

मी विचारलं, "आजी, तुला कळलं कसं?"

"म्हशी पिळण्यात जन्म गेला बाबा," आजी म्हणाली. "चरवीत धार पडती तिचा आवाज बदलला, की म्हशीच्या मनात काय हाय ते कळतं. हीबी म्हसच. फकस्त शिंगं न्हाईत."

तेव्हापासून मीसुद्धा डोळे मिटून धार ऐकतो. मला अजून काही कळत नाही. पण ऐकायला बरं वाटतं.

* * *

आता दसऱ्याचं.

दसऱ्याला उस्मानभाई दुकानातली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात, झेंडू वाहतात. वडिलांपासूनची रीत. यंदा पूजा झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि रेखाच्या लाँचला बसणारा नवा कोरा पंखा आपट्याच्या पानात गुंडाळून दिला.

"तिला सोनं म्हणून हे दे. आज तिचा शेवटचा दिवस आहे ना अटीचा?"

मी एसटीनं गेलो. अलीकडच्या काठाला लाँच बांधलेली. बाजार करून आलेली माणसं जमलेली. हार, नव्या घागरी, कळश्या, बादल्या. लाँचची पूजा चाललेली. तात्या स्वतः पूजेला. गुरुजी म्हणाले, यंत्राची किल्लीही ताटात ठेवा. मग कुणीतरी व्हॉल्व्हवर अडकवलेली किल्ली काढली आणि हळदकुंकवाच्या ताटात ठेवली.

रेखा तेव्हा लाँचला लावलेल्या फळीवर उभी राहून काठावरच्या बायकांना प्रसाद वाटत होती.

आरती सुरू झाली. ढोल लागला. तात्यांना वाटलं, देवाला यंत्राचा आवाजही ऐकवावा. ताटातली किल्ली उचलली आणि फिरवली! इंजिन सुरू. व्हॉल्व्ह बंद. आणि आरती काय, एक संपली की दुसरी. ढोलात इंजिनाचा आवाज कुणाला ऐकू येतो?

इंजिनाची थरथर फळीतून रेखाच्या पायाला कळली. प्रसादाचं ताट माझ्या हातात देऊन ती आत धावली, व्हॉल्व्ह उघडला. पंपावर हात ठेवला आणि चटकन काढला. माझ्याकडं बघितलं. दोघांनाही समजलं, पंखा भाजला.

तिनं पाना हातात घेतला, तोच तात्यांनी विचारलं, "काय गं? बंद पडली का काय?"

सगळे बघायला लागले. बाळूही. काठालाच बंद केली असती, तरी तात्यांनी ती बंद पडलीच धरली असती.

बाजूनं धार पडत होती, बारीक, पण पडत होती. रेखा म्हणाली, "न्हाई तात्या. चला." आणि दोर सोडला.

पाणी कसं होतं म्हणून सांगू! पाऊस सरलेला, धरण काठोकाठ, डोंगर उलटे होऊन पाण्यात बसलेले. मला वाटलं, एवढं पाणी आहे, देव आहे, होईल नीट.

मध्यावर आलो. सोनाआजीनं डोळे उघडले.

"रेखे. धार थांबली."

काटा चढायला लागला. मी पुढं सरकून हळूच म्हणालो, "पोरी, नवा पंखा माझ्या खिशात आहे. बंद कर, बसवू."

"अण्णा, बंद केली की बंद पडली," ती म्हणाली.

मग तिनं इंजिन अगदी मंद केलं. लाँच चालत होती, पण मुंगीच्या पावलानं. तात्या इंजिनाच्या पेटीवर बसले होते, ती मानाची जागा.

"तात्या, उठा."

"आँ?"

"उठा म्हणते ना!"

तात्यांना असं कुणी कधी बोललं नसावं. ते उठले. रेखानं झाकण उघडलं, पंपाकडून इंजिनात जाणारा पाइप सोडवला, तोंड वर धरलं आणि त्यात नरसाळं बसवलं. मग तात्यांच्या खांद्याकडं बोट केलं.

"थर्मास द्या."

"त्यात च्या हाय माझा!"

"बिनसाखरंचा हाय ना?"

"हाय."

"मग द्या!"

तात्यांचा गरम चहा घोट घोट करून इंजिनात गेला. मी तर हात जोडले. मग चहात थोडं पाणी, मग पाण्यात थोडा चहा, मग नुसतं पाणी. लोखंड गप राहिलं. चिरलं नाही!

"आता थांबायचं न्हाई," रेखा म्हणाली. "अण्णा, तुम्ही नरसाळं धरा. तात्या, तुम्ही वता. बाकीच्यांनी भरून द्या."

आणि गाव हललं हो! नव्या घागरी, कळश्या, पूजेचा तांब्या, सगळं धरणात बुडायला लागलं आणि हातोहात तात्यांकडं यायला लागलं. बाळू लाँचच्या कडेवरून वाकून घागरी भरत होता. लेकी-सुना पुढं देत होत्या. तात्या ओतत होते. फेटा सुटला, धोतर भिजलं, तरी ओतत होते. धरणातलं पाणी हातांवरून इंजिनात, इंजिनातून बाजूनं परत धरणात! जे काम तो एवढासा पंखा रोज गुपचूप करतो, त्याला आज लाँचभर माणसं पुरत नव्हती.

"दमानं," सोनाआजी मागून सांगत होती. "जरा जोरात... हां, आता धार बरी हाय."

एकदा तात्यांनी घागर खाली ठेवली, दम खायला. काटा लगेच हलला. रेखा चाकावरून मागं न बघता म्हणाली, "तात्या." एवढंच. तात्यांनी घागर उचलली.

काठ आला. लाँच लागली. मग रेखानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. काठावर भिकू उभा होता. त्याला दिसत नाही, पण इतक्या हळू आलेली लाँच त्यानं ऐकली होती. त्यानं विचारलं, "पोरी, आलीस का चालवत?"

"आले मामंजी. चालवत."

आम्ही पंप उघडला. आत पंख्याची एकही पाकळी उरली नव्हती. मी खिशातलं आपट्याचं पान काढून रेखाच्या हातात ठेवलं. "सोनं घे."

संध्याकाळी देवळात गाव बसलं. दसरा झाला होता, अटीचा निकाल व्हायचा होता. तात्या मधोमध बसले होते, दुसरं कोरडं धोतर नेसून. दोन्ही तळहातांना हळद लावलेली. इतक्या घागरी उचलून फोड आले होते.

ज्याला लाँचवर जागा मिळाली नव्हती असा एकजण मागून म्हणाला, "तात्या, आज भर पाण्यात पंप बंद पडला हुता म्हनं. खरं का?"

 रेखा खांबाशी उभी होती, तिनं मान खाली घातली. बाळूनंही.

तात्यांनी आपल्या तळहातांकडं बघितलं. मग वर बघितलं.

"कोण म्हणतं बंद पडला?" तात्या म्हणाले. "पंप चालू हुता. पंप मी हुतो!"